याचं पुढं कसं होणार?

रिसोड असो, कारंजा असो की मानोरा, शिक्षकाशी, अंगणवाडीताईशी किंवा बालरोगतज्ज्ञाशी बोलताना काही आईबाप फिरून फिरून एकाच प्रश्नावर येतात. मूल बोलतं कमी, किंवा खूप बोलतं पण समोरच्याकडे न बघता. वाचताना अडखळतं. दहा मिनिटं एका जागी बसत नाही. मिक्सर सुरू झाला की कान झाकून अंगणात पळतं. “याचं पुढं कसं होईन?” वऱ्हाडात हा प्रश्न असाच विचारतात. त्यात आजाराचं नाव जाणून घेण्याची ओढ कमी असते, पोटापाण्याची काळजी जास्त. शाळा कशीबशी निभेल. पण काम कोण देईल? आमच्या माघारी कोण बघेल?

या विषयावरची पुस्तकं सहसा मोठ्या शहरांत लिहिली जातात आणि उत्तरात संगणक कंपन्यांची उदाहरणं देतात. वाशीम जिल्ह्याला ती लागू पडत नाहीत. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम बारा लाख. २०१८मध्ये केंद्राच्या ‘आकांक्षित जिल्ह्यां’च्या यादीत नाव. इथं काम म्हणजे शेत, अडत, कृषी सेवा केंद्र, किराणा, पतसंस्था, जिल्हा परिषदेची शाळा, तहसील. म्हणून हे प्रकरण तिथूनच सुरू करू.

१. सोयाबीन आणि तूर

आधी कल्पना समजून घेऊ. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑटिस्टिक माणसांच्या चळवळीतून एक विचार पुढं आला: माणसांचे मेंदू एकाच साच्याचे नसतात, आणि जो साच्यात बसत नाही तो प्रत्येक वेळी बिघडलेलाच असतो असं नाही. याला न्यूरोडायव्हर्सिटी म्हणतात, मराठीत मेंदूवैविध्य म्हणू.

वाशीमच्या शेतकऱ्याला हे सांगायला फार शब्द लागू नयेत. जूनमध्ये तो एकाच वावरात सोयाबीन आणि तूर पेरतो. शंभर-एक दिवसांत सोयाबीन निघतं, दिवाळीच्या आगेमागे पैसा हाती येतो. तूर तेव्हा हिरवीगार उभीच असते, तिचं मूळ खोल जातं, शेंगा धरायला थंडी यावी लागते. ऑक्टोबरात वावरात उभं राहून तुरीला ‘मागं पडलेलं सोयाबीन’ म्हणणारा शेतकरी अजून कुणी पाहिला नाही. शाळा मात्र सर्रास हेच करते. तिचं वेळापत्रक एकाच पिकाचं.

या छत्राखाली येणारे प्रकार थोडक्यात असे. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता: संवादाची, आवाज-स्पर्श-प्रकाश झेलण्याची आणि दिनक्रमाशी असलेल्या नात्याची रीत वेगळी. एडीएचडी: लक्ष आणि हालचाल यांचा लगाम वेगळ्या हातात. डिस्लेक्सिया आणि तिची भावंडं: बुद्धी ठीक, पण वाचन, लेखन किंवा गणित अडतं. काही जण बौद्धिक दिव्यांगत्वही यातच धरतात.

मात्र तुलना इथंच सोडून द्यावी. काही ऑटिस्टिक मुलांना फिट येतात, काहींना आयुष्यभर बोलता येत नाही, काहींना मोठेपणीही अंघोळीला माणूस लागतं. ‘वेगळेपण साजरं करा’ असं अशा घरात जाऊन सांगणं क्रूरपणाचं होईल. मेंदूवैविध्याचा अर्थ अडचण नाही असा नव्हे. अडचणीचा काही भाग माणसात असतो, काही भाग आपण लावलेल्या व्यवस्थेत असतो, आणि दुसरा भाग बदलणं आपल्या हातात असतं, एवढाच त्याचा अर्थ.

२. ‘शिर्के’ वाचताना काय होतं

व्यवस्थेतला भाग म्हणजे काय, ते डिस्लेक्सियात चांगलं दिसतं. वाचणं म्हणजे कागदावरच्या खुणेला आवाज जोडणं. बहुतेक मुलांत ही जोडणी दुसरी-तिसरीपर्यंत आपोआप घट्ट होते. काहींत होत नाही, मग हुशारी कितीही असो.

देवनागरी तशी इमानदार लिपी, जसं बोलतो तसं लिहितो असं आपण म्हणतो. पण ‘शिर्के’ हे आडनाव घ्या. कान ऐकतो ते असं: आधी श, मग इ, मग र्, मग के. कागदावर पहिली दिसते ती वेलांटी, जिचा उच्चार श-नंतर करायचा. र् तर ओळीतच नाही, तो रफार होऊन के-च्या डोक्यावर बसलाय, आणि उच्चारायचा आहे के-च्या आधी. म्हणजे अडीच अक्षरांच्या नावात डोळ्याला दोनदा मागं-पुढं उडी मारावी लागते. तुमचा-आमचा मेंदू ती उडी नकळत मारतो. डिस्लेक्सियाचं मूल प्रत्येक वेळी हिशेब करून मारतं, आणि थकून ‘शिक्रे’ किंवा ‘शिके’ वाचतं. मास्तर म्हणतात, लक्ष नाही.

गंमत अशी की बरीच वर्षं ही अडचण ओळखायच्या चाचण्या मुख्यतः इंग्रजीत होत्या. मराठी माध्यमाच्या मुलाची इंग्रजीतून तपासणी केली तर हाती काय लागणार? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५च्या सुमारास ‘डाली’ हा चाचणीसंच आणला. तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. त्यातल्या प्राथमिक चाळणीच्या याद्या शिक्षकांनाही वापरता येतात.

परीक्षेतल्या सवलतींत महाराष्ट्र पुढं होता. १९९०च्या दशकातच अध्ययन अक्षमतेच्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर अशा सोयी मिळू लागल्या. अडत होतं ते प्रमाणपत्रापाशी. ते देणारी रुग्णालयं मुंबईसारख्या शहरांत, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारखी. मालेगाव तालुक्यातल्या शेतमजुराने पोराला घेऊन तिथवर जायचं म्हणजे मजुरी बुडवून. त्यामुळं बराच काळ डिस्लेक्सिया हा श्रीमंतांच्या मुलांना होणारा आजार आहे, अशी टिंगल ऐकू यायची. तो गरिबांच्या मुलांनाही होत होता, फक्त त्यांची नोंद ‘नापास’ या रकान्यात पडायची.

आता चित्र थोडं बदललंय. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन मुलं तपासतात, आणि विकासातला उशीर हा त्यांच्या तपासणीतला एक विषय आहे. २०२४मध्ये वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. तुमच्या गावात पथक येतं तेव्हा ‘याला ताप नाही’ एवढंच सांगून गप्प बसू नका. हा हाक मारल्यावर बघत नाही, किंवा तिसरीत जाऊनही जोडाक्षर वाचत नाही, हेही सांगा.

३. रिद्धपूरचे राऊळ

पूर्वी अशी माणसं नव्हती का? होती, आणि मराठीच्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी एक अशाच एका माणसाचं आहे.

वाशीमच्याच महसुली विभागात, अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात तिथं गोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राऊळ राहत. चक्रधरस्वामींचे ते गुरू, महानुभावांच्या पंचकृष्णांपैकी एक. त्यांच्यामागं म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा गोळा करून चरित्र रचलं. त्यात राऊळ स्वतःशी बोलतात, मध्येच हसतात, पोरांत पोर होऊन खेळतात, कुणाच्याही घरात शिरून खायला मागतात, जातीपातीची कुंपणं त्यांच्या गावी नसतात. गावकरी त्यांना वेडं म्हणतात, आणि अडचण आली की त्यांच्याकडेच धावतात, आईबाप म्हणून हाक मारतात. दोन्ही एकाच पुस्तकात, कधी एकाच प्रसंगात.

इथं एक सावधगिरी. आठशे वर्षांपूर्वीच्या माणसावर आजचं निदान चिकटवणं हा पोरकटपणा, आणि श्रद्धेचा विषय असलेल्या पुरुषावर तर तो उद्धटपणाही. मला त्या चरित्रातलं रिद्धपूर बघायचं आहे, राऊळांची तपासणी करायची नाही. ज्याचं वागणं कुठल्याच चौकटीत बसत नाही अशा माणसाला एक सबंध गाव रोज दारात बघतं, जेवू घालतं, चिडतं, हसतं, आणि तरी त्याला गावाबाहेर काढत नाही. हे लिहून ठेवणाऱ्यालाही त्याचं विचित्र वागणं झाकावंसं वाटत नाही.

पण रिद्धपूरने ही जागा दिली ती देव मानून. ज्याला देव मानलं नाही अशा भोळ्या माणसाचं आपल्या गावांत काय होतं? लग्नात पाणी भरायला त्याला बोलावतात, मांडव उचलायला बोलावतात, पोळ्याला बैल धुवायला बोलावतात. दिवस मावळल्यावर एक ताट आणि थोडी थट्टा. ‘आमचं गाव सामावून घेतं’ असं आपण अभिमानाने सांगतो तेव्हा त्याच्या हातावर मजुरी ठेवली का, हे कुणी विचारत नाही. चहापाण्यावर राबवून घेणं म्हणजे सामावून घेणं नाही.

४. पडद्यावरची अट

जी गत गावात, तीच कथा-सिनेमात. आधी मराठी माणसाच्या आठवणीतला ‘चौकट राजा’ (१९९१) घ्या. दिलीप प्रभावळकरांचा नंदू अजून डोळ्यांपुढून हलत नाही. पण सिनेमा संपल्यावर आपल्याजवळ उरते ती कणव. नंदूने दिवसभर काय करावं, हा प्रश्न घेऊन आपण थिएटरबाहेर पडत नाही.

मग आला ‘तारे जमीं पर’ (२००७). डिस्लेक्सिया हा शब्द देशभर घरोघरी गेला तो या सिनेमामुळं, त्याचं ऋण मोठं आहे. पण शेवटी ईशान चित्रकलेची स्पर्धा जिंकतो. जिंकला नसता तर? ‘रेनमॅन’पासून (१९८८) ही खोड आहे: माणूस वेगळा आहे, पण त्याच्याकडे एक जबरदस्त देणगी आहे, म्हणून त्याला माफ. गुण दाखव आणि मग जागा घे. ही अट फार मऊ शब्दांत घातली जाते, म्हणून ती अट आहे हे ध्यानात येत नाही. वाशीमच्या ज्या आईच्या पोराला चित्रही येत नाही आणि पाढेही येत नाहीत, तिला हे सिनेमे बघून आणखी एकटं वाटत असेल.

बदल होतो तो सांगणारा बदलला की. ‘यलो’ (२०१४) हा मराठी चित्रपट डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळच्या आयुष्यावर बेतलेला, आणि त्यात ती स्वतः आहे. ‘सितारे जमीन पर’मध्ये (२०२५) दहा न्यूरोडायव्हर्जंट कलाकार आहेत, त्यांच्या भूमिका इतरांनी वठवलेल्या नाहीत. जपानच्या नाओकी हिगाशिदाने वयाच्या तेराव्या वर्षी स्वतःच्या ऑटिझमबद्दल पुस्तक लिहिलं, ते २००७मध्ये आलं. त्याआधी आपल्याकडच्या टिटो मुखोपाध्यायचं पुस्तक २०००मध्ये आलं होतं. दोघांनाही बोलून संवाद साधणं जवळजवळ अशक्य.

मराठी वाचकाला हा मुद्दा नवा वाटू नये. दलित माणूस मराठी कथेत आधीही होता, पण ओसरीवरून पाहिलेला, बहुतेक दयेने. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) आला, पुढं दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) आलं, आणि ओसरी कुणाची होती हेच उघडं पडलं. वाशीम जिल्ह्याला तर याचा घरचा दाखला आहे. इथल्याच नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ला १९९५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, २०२१मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परिघावरच्या माणसाबद्दल त्याच्याशिवाय लिहिलं तर काय निसटतं, हा धडा मराठीने एकदा गिरवला आहे. मेंदूच्या बाबतीत मात्र आपण अजून व्यक्तिचित्रांपाशीच आहोत. ‘वल्ली’ आपल्याला फार आवडतात, पण गोष्ट सांगतो तो नेहमी त्यांचा शहाणा मित्र.

५. दुकानातली चिठ्ठी

कामाच्या ठिकाणीही तीच अट घुसली. २००४मध्ये डेन्मार्कमध्ये थॉर्किल सोन्ने यांनी स्पेशलिस्टर्ने ही कंपनी काढली. त्यांचा मुलगा ऑटिस्टिक. सॉफ्टवेअर तपासायला चुका टिपणारी नजर लागते, ती अशा माणसांकडे असते, हा विचार. सॅप या सॉफ्टवेअर कंपनीने २०१३मध्ये मोठी योजना जाहीर केली, आणि तिचा आधीचा प्रयोग बंगळूरला झाला होता. चांगलीच गोष्ट. पण बारकाईची नजर प्रत्येक ऑटिस्टिक माणसाला असतेच असं नाही, आणि संगणक सगळ्यांना आवडतो असंही नाही.

म्हणून उलट बाजूने जाऊ. माणसाचा गुण शोधण्याआधी काम कसं मांडलंय ते बघू. समजा, कृषी सेवा केंद्रात एक ऑटिस्टिक तरुण कामाला आहे. मालक गल्ल्यावरून ओरडतो, “अरे, ते मागचं जरा पाहून घे, अन् गाडी आली की माल लाव.” आपल्याला कळतं. पण या वाक्यात ‘मागचं’ म्हणजे गोदाम, ‘पाहून घे’ म्हणजे मोज, ‘लाव’ म्हणजे कुठं ते मालकाच्या डोक्यात. तो तरुण मागं जातो, बघतो, आणि उभा राहतो. सांगितलं तेवढं त्याने केलं. मालक म्हणतो, डोकं नाही. आता हेच चिठ्ठीवर:

गोदामातल्या सोयाबीन बियाण्याच्या पिशव्या मोज, आकडा वहीत लिही.
गाडी आली की युरिया डाव्या भिंतीला, डीएपी उजव्या.
एका थप्पीत दहा पोती, जास्त नको.
झालं की मला येऊन सांग. मी नसलो तर फोन कर.

एवढंच. आणखी दोन-तीन गोष्टी: जूनमध्ये पेरणीच्या गर्दीत त्याला काउंटरवर उभं न करता मागं ठेवा, जेवायची वेळ ठरलेली असू द्या, उद्याचं काम बदलणार असेल तर आज सांगा. खर्च एका कागदाचा. आणि त्या चिठ्ठीचा फायदा दुकानातल्या बाकीच्या पोरांनाही होतो, कारण ‘जरा पाहून घे’ त्यांनाही नीट कळत नव्हतंच, ते फक्त अंदाज बांधत होते. बियाणं उगवलं नाही तर शेतकरी पावती घेऊन येतो, तेव्हा पावतीवरचा लॉट नंबर चुकला असेल तर मालक अडचणीत. असल्या ठिकाणी अंदाज महागात पडतो.

दोष नेहमी त्या एकाच बाजूचा असतो का, हे तपासणारा एक छान प्रयोग आहे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, स्वतः ऑटिस्टिक, यांनी २०१२मध्ये मांडलं की गैरसमज दोन्हीकडून होतो: आम्हाला तुम्ही कळत नाही, तसे तुम्हालाही आम्ही कळत नाही. एडिंबराच्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी मग चक्क कानगोष्टींचा खेळ लावला. आठ-आठ जणांच्या नऊ साखळ्या, एकूण ७२ माणसं. तीन साखळ्या फक्त ऑटिस्टिक, तीन इतरांच्या, तीन मिश्र. पहिल्याला गोष्ट सांगायची, त्याने दुसऱ्याला, शेवटी किती उरली ते मोजायचं. २०२०मध्ये निकाल आला: ऑटिस्टिक साखळीत गोष्ट इतरांच्याइतकीच टिकली, गळती जास्त झाली ती मिश्र साखळीत. २०२५मध्ये जास्त माणसं घेऊन तो पुन्हा केला तेव्हा मिश्र साखळीतही फरक पडला नाही. दोन्ही निकाल पुरते जुळत नाहीत, विज्ञानात असं होतं. पण ‘यांना निरोप सांगता येत नाही’ हा समज दोन्ही वेळा पडला.

मुंबईत जुहूला यश चॅरिटेबल ट्रस्टचं ‘अर्पण’ कॅफे २०१८पासून आहे. तिथं ऑटिझम, डाउन सिंड्रोम असलेली प्रौढ माणसं स्वयंपाकघरात आणि टेबलांवर काम करतात. काम लहान तुकड्यांत वाटलेलं. त्यासाठी कुणी अचाट देणगी दाखवावी लागत नाही.

६. चाळीस टक्क्यांचं दार आणि त्याशेजारचं

कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६चा, लागू एप्रिल २०१७पासून. त्यात २१ प्रकार आहेत. ऑटिझम आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, बौद्धिक दिव्यांगत्व आहे. एडीएचडीचं नाव यादीत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण, पण त्यातला एकच टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व या सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. आणि त्यासाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावं लागतं.

ऑटिझम मोजतात कसा? आयएसएए नावाची भारतीय मोजपट्टी आहे. ४० प्रश्न, प्रत्येकी १ ते ५ गुण. बेरीज ७०च्या खाली असेल तर ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढं तीव्र.

लोक इथंच थांबतात: चाळीस टक्के नाहीत, म्हणजे काहीच नाही. हे चूक. आरक्षणाचं दार वेगळं आणि सोयीचं दार वेगळं. कायदा ‘वाजवी सोय’ म्हणतो ती जादा वेळ, लेखनिक, शांत जागा, लेखी सूचना अशी असू शकते. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१मध्ये स्पष्ट केलं की लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही. त्या उमेदवाराला लिहिताना हात साथ देत नव्हता. सरकारी कार्यालयावर सोय देण्याचं बंधन आहे. तीन माणसांच्या दुकानावर कायद्याचा हात पोचत नाही. तिथं चिठ्ठीच कामी येते.

७. अठरा पूर्ण झाल्यावर

मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने सज्ञान. ज्याला स्वतः सही करून व्यवहार करता येत नाही अशा मुलाचे आईबाप त्या दिवशी बँकेत अडतात. नॅशनल ट्रस्ट कायदा (१९९९) ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुदिव्यांगत्व यांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय देतो. अर्ज स्थानिक स्तर समितीकडे करायचा, तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. म्हणजे वाशीमकरांना यासाठी न्यायालयात खेटे घालायची गरज नाही. याच ट्रस्टची ‘निरामय’ योजना एक लाखापर्यंत आरोग्यविमा देते. डिस्लेक्सिया या कायद्यात येत नाही.

आणि ज्यांना आईबापच नाहीत? अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूर तालुक्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांचं बालगृह आहे. रेल्वे स्टेशनांवर, बसस्थानकांवर टाकून दिलेली मतिमंद, मूकबधिर, अंध मुलं तिथं वाढली, बापाच्या नावाच्या रकान्यात पापळकरांचं नाव लावून. तिथल्या टेकडीवर या मुलांनी हजारो झाडं लावून जगवली, त्यासाठी कुणी त्यांची बुद्ध्यांक चाचणी घेतली नव्हती. पापळकरांना २०२४मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची मागणी त्याहून कितीतरी जुनी आहे. बालगृहाचा कायदा मुलाला अठरापर्यंत सांभाळतो, अनुरक्षणाची मोजकी वर्षं त्यापुढं. पण ज्याला चाळिशीतही ताट वाढून द्यावं लागतं त्याला एकविसाव्या वर्षी कुठं पाठवायचं? अशा बेवारस दिव्यांगांना त्याच संस्थेत आजन्म राहू देणारा कायदा करा, असं ते म्हणत आले आहेत.